वर्षभराचे पाराशे आणि गावचा सातबारा

15 ऑक्टोबर 2025ला सिमहाथ तोरा हा आम्हा ज्यूंचा सण झाला आणि आमच्या घरात वर्षभर चाललेला एक उद्योग पूर्ण झाला. दर आठवड्याचा पाराशा, म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथाचा नेमलेला भाग, मराठीत वाचायचा आणि शुक्रवारी रात्री जेवताना त्यातलं आपल्या रोजच्या जगण्याशी जुळेल असं काहीतरी पाच मिनिटांत बोलायचं, एवढंच ठरलं होतं. प्रत्यक्षात ते जड गेलं. असं काही करावं असं मनात असणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते. मध्येच वडिलांच्या जमिनीच्या वारसनोंदीचं प्रकरण निघालं, आणि तेही पाराशामुळेच निघालं. म्हणून कागदपत्रांची रडकथासुद्धा यात येणार आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहायला ठाण्यात, मूळ गाव अलिबाग तालुक्यात. ज्यांना या गोष्टी नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, मराठी पवित्र शास्त्रातली उत्पत्तीपासून अनुवादापर्यंतची. तिचे 54 भाग केलेले आहेत, त्यातल्या एकेका भागाला पाराशा म्हणतात. दर शनिवारी, शब्बाथला (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी), सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, त्या आठवड्याचा पाराशा वाचला जातो, आणि सिमहाथ तोराला शेवटचं पान संपवून त्याच दिवशी पहिलं सुरू होतं. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांच्याकडे तोराची पोथी नव्हती. शेमा ही प्रार्थना पाठ होती, शब्बाथ होता, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम होते. वाचायला लागलो ते फार नंतर. त्यामुळे ‘आपल्याला यातलं काय कळतंय’ ही भीती माझ्या एकटीची नाही, ती आमच्यात पिढीजात आहे.

सुरुवात ऑक्टोबर 2024च्या सिमहाथ तोरानंतर केली. बाबा गेल्यापासून शुक्रवारचं जेवण गुपचूप उरकलं जायचं. मनुकांच्या सरबतावर किद्दुश आणि चपातीवर हामोत्सी हे आशीर्वाद, माशाचं कालवण, आणि मग ज्याच्या त्याच्या विषयावर गप्पा. पाराशाची कल्पना माझ्या धाकट्या भावाची, आणि करायचं कुणी, तर मी. नवरा, अकरावीतली मुलगी, मागच्या गल्लीत राहणारा भाऊ, वहिनी आणि त्यांच्याकडेच असणारी आमची आत्या, इतके श्रोते. दादा इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. त्याच्यासाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, तो शुक्रवारी दुपारीच, कारण ठाण्यात शब्बाथचे दिवे लागले की फोन बंद. इस्राएलचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच ते साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे त्याला ऐकायला पुरेसा वेळ मिळायचा.

सामान फारसं लागत नाही. बाबांचं मराठी पवित्र शास्त्र घरात होतं. हिब्रू-इंग्रजी खुमाश, म्हणजे तोराची छापील प्रत, ऑनलाइन मागवला, टपालखर्चासकट तीन हजारांच्या आत आला, पण यायला दिवाळी उलटून गेली. तोवर सेफारिया या मोफत संकेतस्थळावर काम भागवलं. तिथे राशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्यही इंग्रजीत मिळतं. टेंभी नाक्याजवळचं आमचं शाआर हाशामाईम सिनेगॉग 1879चं. तिथल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून वर्षभराचे पाराशे वहीत उतरवून घेतले. मराठी शास्त्रातले अध्याय आणि पाराशांच्या हद्दी जुळत नाहीत, हे लगेच लक्षात ठेवा. नोआहचा पाराशा सहाव्या अध्यायाच्या नवव्या ओवीपासून सुरू होतो. मी पेन्सिलीने प्रत्येक पाराशाच्या तोंडाशी आणि शेवटाला खूण करून ठेवली, त्यातच एक अख्खी दुपार गेली. दुसरं म्हणजे प्रत्येक पाराशाचे सात भाग असतात, सिनेगॉगमध्ये सात जणांना वर बोलावतात त्याप्रमाणे. रविवारपासून रोज एक भाग वाचला तर शुक्रवारी रात्री धावपळ होत नाही.

पहिले दोन आठवडे मी उत्साहात होते. सृष्टीची उत्पत्ती, नोआहचं तारू. बोलायला विषयच विषय. तिसऱ्या शुक्रवारी माझं ‘श्रद्धेने पहिलं पाऊल टाका’ वगैरे चालू असताना मुलगी म्हणाली, “आई, हे सकाळी आत्याआजीच्या फोनवर येणाऱ्या गुलाबाच्या फुलासारखं आहे.” आत्यासकट सगळे हसले. तिचं म्हणणं खरं होतं. शिकवण शोधायलाच बसलं की आधीपासून माहीत असलेलीच सापडते, तिच्यासाठी तोरा उघडायची गरज नसते. तेव्हापासून नियम केला: आठवड्यात जी एक ओवी खटकेल, अडेल किंवा विचित्र वाटेल, तिच्यावरच बोलायचं. बोध निघाला तर निघाला.

पुढचा मोठा पाराशा हाये सारा, 23 नोव्हेंबरचा. सारा वारली आणि अब्राहामाला तिच्या दफनासाठी जागा हवी आहे. जागेचा मालक एफ्रोन म्हणतो, घ्या हो, फुकट घ्या, चारशे शेकेल म्हणजे तुमच्या-माझ्यात काय मोठी गोष्ट! अब्राहाम वाद घालत नाही, गावाच्या वेशीवर सगळ्यांदेखत चारशे शेकेल चांदी तोलून देतो. मला अडली ती त्यानंतरची ओवी. तिथे व्यवहारात काय काय आलं याची यादी आहे: शेत, त्यातली गुहा, आणि शेताच्या चतुःसीमेतली सगळी झाडं. बायको गेलेल्या माणसाची गोष्ट सांगताना झाडं कशाला मोजली? नवरा म्हणाला, “कारण पुढच्या पिढीत भांडण झाडांवरूनच होतं.” मग सगळे एकदम गावच्या नारळांबद्दल बोलायला लागले. अकरा गुंठे, एक विहीर, आणि बाबा जाऊन पाच वर्षं झाली तरी सातबारा कुणी बघितलेला नव्हता. शब्बाथ संपल्यावर रात्री पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. त्यावर अर्थातच बाबांचंच नाव होतं.

इथून दोन्ही कामं बरोबरीने चालली. वारसनोंदीला लागणारे कागद असे: मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचं ओळखपत्र. आई बाबांच्या आधीच गेली, म्हणून तिचाही दाखला. आमच्यात एक जास्तीचा घोळ असतो. सातबाऱ्यावर बाबांचं नाव कोकणी वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर हिब्रू वळणाचं आणि मृत्यूच्या दाखल्यावर इंग्रजी. तिन्ही नावांचा माणूस एकच, असं वेगळं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावं लागलं. बेने इस्राएल मंडळींनो, हे आधीच करून ठेवा, कारण ते नाही म्हणून अर्ज परत येतो.

हिवाळ्यात उत्पत्ती संपलं, निर्गमही भरभर गेलं. समुद्र दुभंगतो, दहा आज्ञा येतात, तोवर बोलणाऱ्याला काही करावंच लागत नाही. मग फेब्रुवारीअखेर निवासमंडपाची, म्हणजे रानातल्या फिरत्या देवस्थानाची, मापं सुरू होतात, आणि त्यापुढे लेवीय. उपक्रम मोडायचा असेल तर तो इथे मोडतो. तीन आठवडे मी अक्षरशः काहीबाही बोलले. पण 29 मार्चचा पेकुदे मात्र आमच्या घरात गाजला. नवरा सोसायटीचा खजिनदार, 31 मार्च तोंडावर, आणि पाराशात मोशे मंडपाचा हिशेब देतोय: सोनं 29 किक्कार 730 शेकेल, चांदी 100 किक्कार 1775 शेकेल, दोन्ही वजनाची जुनी मापं. मोशेकडे हिशेब मागितला कुणी होता? मिद्राशमध्ये, म्हणजे तोरावरच्या जुन्या कथा-भाष्यांत, एक गोष्ट आहे की हिशेब देताना त्याला 1775 शेकेल कुठे गेले ते आठवेना, तो घाबरला, आता लोक म्हणणार की यानेच घेतले. मग वर नजर गेली आणि खांबांना लावलेले चांदीचे हूक दिसले. ती चांदी तिथे लागली होती. नवऱ्याने हे ऐकून कुणी न मागता पाण्याच्या टँकरांची बिलं सोसायटीच्या फलकावर लावली. त्यावरही दोन सभासदांनी शंका काढल्याच. पण तेही पाराशाला धरूनच झालं म्हणायचं.

1 एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, त्यासाठी तलाठ्यांनी गावोगाव कामाला लागायचं, अशी ती योजना. आम्ही पेसाह सणाच्या आधीच्या आठवड्यात तलाठ्याच्या कार्यालयात, सजावर, जाऊन अर्ज दिला. घरी मात्झा, भांडी, साफसफाई, आणि मी अलिबागच्या एसटीत फाइल मांडीवर घेऊन त्साव हा पाराशा वाचतेय. तिथल्या माणसाने कागद चाळले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, लग्न झालंय ना तुमचं? मग हक्कसोड जोडून टाका. दोन भावांची नावं, विषय संपला.” वाईट हेतूने बोलला असं नाही. बहुतेक बायका जोडतात म्हणून त्याने सांगितलं. धाकटा भाऊ शेजारी उभा होता, तो काहीच बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

इथे माहितीसाठी सांगते. मृत्युपत्र नसेल तर ज्यूंना हिंदू वारसा कायदा नाही, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, हिस्सा सारखा. वारसनोंदीसाठी हक्कसोडपत्राची गरज नसते. ते स्वखुशीने करायचं असतं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. सजावर उभं राहून ‘जोडून टाकायची’ ती गोष्ट नव्हे. मी एवढंच म्हटलं की तिघांची नावं आहेत, तिघांचीच लावा. त्याने अर्ज ठेवून घेतला, आणि अश्दोदच्या भावाचं प्रतिज्ञापत्र तिकडच्या नोटरीचं, अपोस्टिलसह (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणाऱ्या सरकारी शिक्क्यासह) आणायला सांगितलं. दादाकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं, कार्ड आहे. वारसाने जमीन मिळायला त्याला अडचण नाही, अडचण फक्त कागदाची.

दादा अपोस्टिलच्या मागे लागला आणि इकडे 3 मे उजाडला: ताझ्रिया-मेत्सोरा हा जोडपाराशा, म्हणजे एकाच आठवड्यात दोन पाराशे. अंगावरचे डाग, कपड्यावरचे डाग, आणि शेवटी घराच्या भिंतीवरचे हिरवट-तांबूस डाग. मुलगी म्हणाली, हा सोडून दे ना. पण यातच मला वर्षभरातली सगळ्यात कामाची ओवी सापडली. भिंतीवर डाग दिसला तर घरमालकाने कोहेनकडे, म्हणजे पुरोहिताकडे, जाऊन काय म्हणायचं, तेसुद्धा सांगितलंय: ‘घरात डागासारखं काहीतरी दिसतंय मला.’ रोगच आहे, असं म्हणायचं नाही. राशी लिहितो की तो जाणकार असला तरी त्याने निवाडा स्वतः करायचा नाही. आणि कोहेन बघायला येण्याआधी घर रिकामं करायचं, म्हणजे घर अशुद्ध ठरलं तरी आतल्या वस्तू वाचतील. मग सात दिवस थांबायचं आणि पुन्हा बघायचं. आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आलेली होती आणि वरच्या मजल्यावरच्यांशी दोन पावसाळे अबोला होता. आम्ही दर वेळी ‘तुमच्या बाथरूममधून गळतंय’ अशी सुरुवात करायचो. या वेळी नवरा वर गेला आणि ‘आमच्या भिंतीला काहीतरी दिसतंय, येऊन बघता का’ म्हणाला. ते आले, बघून गेले. गळती शेवटी त्यांच्याकडची नव्हतीच, बाहेरच्या पाइपची होती. आधी कपाट हलवून ठेवलं होतं म्हणून त्यामागचे अल्बम तेवढे वाचले.

13 जूनच्या पहाटे इस्राएलचं इराणशी युद्ध सुरू झालं. शुक्रवार होता, पाराशा बेहाआलोथखा. मी त्या आठवड्यासाठी रानात कंटाळलेल्या लोकांवर तयारी केली होती. त्यांना मिसरातले मासे, काकड्या, कलिंगडं, कांदा-लसूण आठवतो. दादाला तिकडे ओल्या बोंबलांची आठवण येते, त्यावर त्याची थोडी खेचायची होती. रेकॉर्ड केलेलं पाठवलं नाही. विमानतळ बंद, अश्दोदला भोंगे, दादा-वहिनी आणि नातवंडं आडोशाच्या खोलीत. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी त्याच पाराशातली मोशेची मिर्यामसाठीची प्रार्थना तेवढी म्हटली. हिब्रूत पाच शब्दांची आहे: एल ना रेफा ना ला. देवा, हिला बरं कर. ती बहीण आजारी असल्याची, आमची चिंता वेगळी, पण दुसरं काही सुचेना. शनिवारी रात्री दादाचा एका ओळीचा निरोप आला, ‘सगळे ठीक. बोंबील कुठेत?’ म्हणजे तो पाराशा त्याने स्वतःच वाचला होता. 24 तारखेला युद्धविराम झाला. अपोस्टिलचा कागद जुलै उजाडल्यावर हातात आला.

आणि मग पिन्हास, 19 जुलै. कॅलेंडरने हा आठवडा माझ्या पदरात घातला नसता तर मी होऊन या विषयाला हात लावला नसता. सलोफहादाला मुलगे नव्हते, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. त्या मोशेसमोर, सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहून म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला वतन द्या. मोशेला उत्तर माहीत नसतं. तो प्रकरण देवापुढे नेतो, आणि उत्तर येतं: मुली योग्य बोलतात. मी मुद्दाम तोराचा पुढचा नियमही वाचून दाखवला, की मुलगा नसेल तर मुलीला. म्हणजे मला तोराच्या आधाराने हिस्सा मिळत नव्हता, देशाच्या कायद्याने मिळत होता, आणि ते लपवून बोलणं मला पटणारं नव्हतं. मी फक्त एवढ्यावर बोलले की त्या तंबूच्या दारात गेल्या, घरात कुढत बसल्या नाहीत, आणि मोशे ‘मला विचारून सांगावं लागेल’ असं म्हणू शकला.

आत्या सहसा बोलत नाही. त्या रात्री ताटातलं आवरता आवरता म्हणाली, “मी सही केली होती. आजोबांच्या वेळी. अलिबागला कचेरीत नेलं, येताना हिरवी साडी घेतली मला. तुझे बाबाच होते बरोबर.” कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “साडी चांगली होती.” भावाने दुसऱ्या दिवशी, शब्बाथ संपवणारा हावदाला विधी झाल्यावर, येऊन सांगितलं की तलाठ्याकडे यापुढे तोच जाईल आणि तीन नावं लावूनच येईल.

विषय इथेच मिटला असं नाही. पुढच्या शुक्रवारी मट्टोथ-मासे हा जोडपाराशा होता आणि चुलतकाका जेवायला होते. मासेच्या शेवटी गिलादाच्या कुळातले पुढारी मोशेकडे तक्रार घेऊन येतात: या मुली परकुळात लग्न करून गेल्या तर जमीनही जाईल. मग त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं असं ठरतं. काका खुश. “बघ, तोरासुद्धा म्हणते जमीन घरातच राहावी.” बरं झालं मी आठवडाभर आधी वाचून ठेवलं होतं. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, ‘बाबा बात्रा’ नावाच्या भागात स्पष्ट म्हटलंय की ही अट त्या एका पिढीपुरतीच होती. काकांना ते पटलं नाही. ते दाल-गोश्त दुसऱ्यांदा घेऊन मुंबईला गेले. पण एक आठवडा वाचून थांबू नये, हे मात्र कळलं. ज्या पाराशावर आपण टाळी घेतो, त्याच्यावरची हरकत बहुतेक वेळा पुढच्याच पाराशात बसलेली असते.

पुढचं कंटाळवाणं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला फेरफार धरला गेला, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली, काकांनी हरकत घेतली नाही. महिनाअखेर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पंधरा रुपये भरून सातबारा काढला, त्यावर तीन नावं. एकूण खर्च नोटरी, झेरॉक्स, एसटी, दादाचं अपोस्टिल आणि कुरिअर धरून पाच-सहा हजार, त्यातले निम्म्याहून जास्त दादाचे. तो आठवडा ‘की तेत्से’ या पाराशाचा. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांध, कुणी पडलं तर दोष तुझ्यावर, या ओवीवर बोलले, कारण आमच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा डागडुजीसाठी काढलेला होता.

सुरू करणार असाल तर आणखी दोन गोष्टी. दर आठवड्याला मीच, असं ठेवू नका. जोडपाराशे आले की दुसऱ्या कुणाला द्या, आणि कंटाळवाणे पाराशे आवर्जून पोरांना द्या. ती त्यातलं विचित्र बरोबर हेरतात. आणि इस्राएलमध्ये नातेवाईक असतील तर कॅलेंडर दोन्हीकडचं बघा. 2024-25 मध्ये आम्ही आणि दादा वर्षभर एकाच पाराशावर होतो. 2026 मध्ये शावुओथचा (इस्राएलबाहेर दोन दिवस आणि तिथे एकच दिवस पाळल्या जाणाऱ्या सणाचा) दुसरा दिवस शनिवारी, 23 मेला येतो. तो दिवस इकडे सणाचा, तिकडे साधा शब्बाथ, म्हणून ते नासो वाचून पुढे जातील आणि जूनअखेरपर्यंत आपण एक पाराशा मागे राहू. दादाने आत्ताच सांगून ठेवलंय की त्या आठवड्यांत तो रेकॉर्ड करून पाठवणार आणि आम्ही ऐकायचं.